पंचम उतरवायचा दिवस

खांदा कॉलनीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सईची थोरली बहीण पद्मजा म्हणाली, "तो चिमटा मी काढला होता." कोथिंबीर घ्यायची राहिलीच, असं सांगावं तितक्या सहज. समोरून जासईकडे निघालेले कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक जात होते, काचा वर असूनही गाडीचा पत्रा थरथरत होता. सईने विचारलं, "कुठला चिमटा?" पद्मजाने स्टिअरिंगवरचा हात काढून स्वतःच्याच दंडावर दोन बोटं ठेवून दाखवली. "इथे. दाजींच्या परीक्षेच्या दिवशी. तार उतरलीय हे मला केव्हाच कळलं होतं गं, दातांत सणक गेली होती माझ्या. पण मी वळून बघितलं असतं तर मला बसवलं असतं ना गायला. म्हणून तुला काढला. तू वळलीस, तुला बसवलं." सिग्नल अजून लालच होता. "तेहतीस वर्षं झाली," पद्मजा म्हणाली, "आता त्याचं काय. पण रविवारी अप्पा माझ्या भाविकाची परीक्षा घेणार आहेत आणि तंबोऱ्यावर तू बसणार आहेस. तू तार उतरवू नकोस. एवढंच मागते." मग सिग्नल सुटला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना, आणि सई पुढच्या काचेतून बघत राहिली.

ही परीक्षा म्हणजे त्या घरातला एक प्रकारच होता. लोकांच्या घरी मुलगा पाटीवर श्री काढतो, यांच्याकडे पोरांना न सांगता पकडायचे. घरातलं धाकटं पोर पाच-सहा वर्षांचं झालं की एका सकाळी घरातला गाणारा माणूस रोजच्यासारखा तंबोरा घेऊन बसायचा, पण त्या दिवशी पहिली तार, पंचमाची, केसभर उतरवून ठेवायचा. पोरं आपली तिथेच खेळत असायची. गाणं चालू राहायचं. जे पोर त्या उतरलेल्या सुराने कासावीस होऊन खेळ टाकेल आणि तंबोऱ्याकडे वळून बघेल, ते गाणार. बाकीच्यांनी हवं तर मागे बसून तंबोरा धरावा, पेटी वाजवावी, नाहीतर सुखाने नोकरी करावी. एका पिढीत एकच. दोघांना शिकवायला दाजींकडे वेळ नव्हता, असं ते म्हणत. दोघं झाली की भांडतात हे खरं कारण असावं, कारण दाजींचं स्वतःच्या भावाशी मरेपर्यंत बोलणं नव्हतं. दाजी म्हणजे सईचे आजोबा, शाळेत संगीत शिक्षक, वडाळे तळ्याजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले आणि तिथेच गेले. त्यांनी तीन मुलांतून अप्पांना, सईच्या वडिलांना, निवडलं. एक काका पाटबंधारे खात्यात गेले, एक मस्कतला, आणि दोघंही आयुष्यभर अप्पांकडे थोडं आदराने आणि थोडं कीव करून बघत आले.

सईला त्या सकाळचं काय आठवत होतं? सांगायला खूप होतं, कारण तिने ते खूप वेळा सांगितलं होतं. सतरंजीची निळी पट्टी. मोकळ्या काडेपेट्यांची आगगाडी. दाजींचा आवाज, त्या वयातही भरलेला, आणि मग एकदम डाव्या दंडाला काहीतरी चावल्यासारखं झालेलं, डोळ्यांत पाणी आलेलं, आणि ती वळलेली. दाजींनी तंबोरा खाली ठेवला. "लागलं पोरीच्या कानाला," असं म्हणून त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं, त्यांच्या सदऱ्याला तपकिरीचा वास होता. आईने सांजा केला. पुढे सई मोठी झाली, मैफली करायला लागली, तेव्हा कुठल्याशा पुरवणीसाठी एक मुलगी मुलाखत घ्यायला आली होती. तिला सईने सांगितलं की बेसूर लागला की तो मला कानाआधी दंडाला कळतो, चावल्यासारखं होतं. मुलीने त्याचाच मथळा केला. लोकांना हे भारी आवडलं. शिष्यांचे आईबाप आपल्या पोरांना ते सांगत. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. तिला खरंच व्हायचं. कुणाचा गंधार किंचित खाली राहिला की डाव्या दंडावर, कोपरापासून चार बोटं वर, बारीक कळ यायची, आणि तिच्यावर भरवसा ठेवून ती हात वर करून म्हणायची, थांब, पुन्हा घे. तेहतीस वर्षं त्या कळेने तिला वाट दाखवली होती. ती कळ म्हणजे पद्मजाच्या नखांची आठवण होती.

गुरुवारी संध्याकाळी क्लासला सहा मुली आल्या. खांदा कॉलनीतल्या सई-अप्पांच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीतला दिवाण सरकवला की क्लास व्हायचा. मुलींनी सा लावला. सई वाट बघत बसली. पहिली गायली, दुसरी गायली, तिसरी तर नेहमी खालीच असायची, तिच्या आईलाही ते माहीत होतं. दंडाला काहीच झालं नाही. सईने दंड चोळला, पदराखालून चिमटून पाहिला, जणू झोपी गेलेल्या माणसाला उठवावं. काही नाही. सूर समोरून जात होते आणि ते बरे की वाईट हे सांगणारं आत कोणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, "छान." मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. सई सहसा छान म्हणत नसे. मुली गेल्यावर ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि फोनवर ते सूर मोजायचं ॲप उतरवून घेतलं, जे वापरणाऱ्या पोरांना ती वर्षानुवर्षं झोडपत आली होती. नळ सोडला, बाहेर आवाज जायला नको म्हणून, मग लक्षात आलं की नळाचा आवाजही फोन मोजतोय, मग नळ बंद केला आणि हळूच सा लावला. काटा डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग मधे येऊन थरथरत राहिला. मधे म्हणजे बरोबर. पण किती वेळ मधे राहिला म्हणजे माणूस गवई, हे त्या यंत्रात लिहिलेलं नव्हतं. अडतिसाव्या वर्षी न्हाणीघरात कडी लावून आपण सा तपासतोय याची तिला अशी लाज वाटली की तिने तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

बाहेर अप्पा विचारत होते, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "बरं आहे." ते म्हणाले, "काय?" ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली, "बरं आहे, अप्पा." हे आता रोजचंच होतं. अप्पांना शहात्तरावं लागलं होतं आणि गेली चार वर्षं बोललेलं त्यांना कमी ऐकू यायचं. डॉक्टरांनी कानाचं मशीन लिहून दिलं, ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. मशीन लावलं की सूर पत्र्याचा होतो, म्हणाले. बोलणं नाही ऐकू आलं तर फारसं बिघडत नाही, माणसं तेच तेच बोलतात. सूर मला सगळा ऐकू येतो. आणि हे घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं, कारण सई गायला बसली की अप्पा अजूनही आरामखुर्चीतून बोट वर करून म्हणत, निषाद बघ, आणि सई निषाद बघे. रेडिओवर गायलेला माणूस. दिवसभर पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत फायली आणि पहाटे चारला रियाज, असं ज्याने चाळीस वर्षं केलं, त्याच्या कानाला कोण काय विचारणार. आता त्यांना एकच घोर होता. आपल्यामागे सई, पण सईच्या मागे कोण? सईने लग्न केलं नाही. करायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण बघायला आलेल्या दोघातिघांना रोजच्या पहाटेचं जमेना आणि मग ते राहून गेलं. राहता राहिली पद्मजाची भाविका. पद्मजाने टाइल्सच्या व्यापारातल्या परेशशी लग्न केलं तेव्हा अप्पा महिनाभर गप्प होते, गुजराती घरात सूर कुठून येणार म्हणून. आता तेच म्हणत होते, "आडातलं पाणी आहे शेवटी, पोहऱ्यात यायलाच हवं." गुरुवारी जेवताना त्यांनी सईच्या ताटाकडे झुकून सांगितलं, "रविवारी पंचम उतरव. फार नको. केसभर. दाजी करायचे तसा." सईने मान हलवली. मान हलवायला ऐकू यावं लागत नाही.

त्या रात्री आणि पुढचा सबंध शुक्रवार ती मनात एकच गोष्ट पिंजत राहिली. आपल्याला जे मिळालं ते दुसऱ्याचं होतं. ही काही साडी नव्हती, की परत करून टाकली. तेहतीस वर्षांच्या पहाटा होत्या. दाजी तिला पहाटे चारला उठवत, उठवत म्हणजे पांघरूण ओढून घेत आणि काही न बोलता उभे राहत. सा लावायचा. अर्धा तास फक्त सा. मान वाकडी झाली तर हातपंख्याची दांडी खांद्यावर. बाहेर उजाडलं की तळ्याच्या काठावर लंगडी खेळणाऱ्या मुलींचा आवाज यायचा आणि त्यात पद्मजाचा सगळ्यात मोठा. सई तेव्हा मनात म्हणायची, जाऊ दे, तिला कान नाही बिचारीला. चांगली तेहतीस वर्षं ती थोरल्या बहिणीची कीव करत आली होती. पद्मजा बँकेत लागली, हसतखेळत संसार केला, वजन वाढवलं, सईच्या प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत येऊन बसायची आणि संपल्यावर म्हणायची, मस्त झालं हं. मस्त झालं. आता सईला त्या प्रत्येक वेळेचा चेहरा आठवून बघावासा वाटत होता. वाशीच्या त्या कार्यक्रमात तारसप्तकात एकदा तिला स्वतःलाच शंका आली होती, आणि तेव्हा पद्मजा पर्समध्ये काहीतरी शोधत खाली बघत होती. दातांत सणक गेली असेल का? घरात खरा कान असलेलं माणूस तिसऱ्या रांगेत बसून, इतकी वर्षं, दात आवळून ऐकत असेल? राग यायला हवा होता, तो येत नव्हता. पाच वर्षांच्या मुलीला चिमटा काढणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीवर काय रागावणार? तिलाही पहाटे झोपायचं होतं.

शनिवारी सकाळी शकू आली. शकू जासईची, चार वर्षं त्यांच्याकडे स्वयंपाकाला, आणि तिच्या गावात लग्न असलं की दोन-दोन दिवस दांडी मारायची, कारण ती धवलारीण होती. मांडवात बसून लग्नाचे धवले तिच्याशिवाय कोण गाणार. अप्पांना तिचं गाणं चालायचं नाही, म्हणून ती भाकऱ्या थापताना तोंडातल्या तोंडात गायची. सईने त्या दिवशी ओट्याला टेकून तिला विचारलं, "शकू, तुमच्यात गायला कुणी बसायचं ते कोण ठरवतं?"

"कोन ठरवनार?" शकू म्हणाली. "माजी सासू मांडवात बसायची, मी तिच्या मागं, पान लावून द्यायला. एक दिस बोलली, मला खोकला हाय, आज तू गा. मी गायली. झालं."

"आणि चुकलीस तर?"

"चुकली त बाकीच्या बाया हायत ना बाय. त्या वडून घेतात." शकूने भाकरी तव्यावर टाकली. "आमी काय एकट्या थोड्याच गातो, तुमच्यासारख्या?" मग तिने सईकडे नीट पाहिलं. "तुमी आज जेवल्या नाय काय? तोंड बगा कसं उतरलंय."

सईला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. वडून घेतात. तिला कोण ओढून घेणार होतं? स्टेजवर ती एकटी, मागे तंबोऱ्यावर शिष्या, ती बाईंच्या सुराला काय सांगणार. घरी अप्पांचं एक बोट, तेवढाच आधार. दुपारी अप्पा झोपल्यावर ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून तिने तंबोऱ्याची गवसणी काढली. उद्याची तालीम, असं तिने स्वतःला सांगितलं. तार बरोबर लावली, मग खुंटी केसभर मागे घेतली आणि छेडली. उतरलेली वाटली. पुन्हा छेडली. बरोबर वाटली. आणखी मागे घेतली, आता नक्की उतरली असणार, पण नक्की का, की मागे घेतली हे हाताला माहीत आहे म्हणून? तिने डोळे मिटून खुंटी इकडेतिकडे फिरवली, स्वतःलाच फसवायला, आणि मग ऐकलं. तिला सांगता येईना. कान घाबरला की काही कामाचा राहत नाही, हे ती शिष्यांना सांगायची. पण तिला आता वाटत होतं की हा घाबरलेला कान नाही, हाच मूळचा कान आहे, आजवर वर चिमट्याचं पांघरूण होतं ते ओढून घेतलंय एवढंच. पंखा फिरत होता. शेजारच्या इमारतीत कुणीतरी ड्रिल मशीनने भिंतीला भोक पाडत होतं आणि तो सूर मात्र तिला लख्ख कळला, तीव्र मध्यमाच्या थोडा वर. हे कळलं म्हणून तिच्या जिवात जीव आला, आणि लगेच गेला, कारण तोही बरोबर होता की नाही हे कोण सांगणार?

उद्या तार उतरवायची नाही हे तिने तिथेच ठरवलं. आणि पद्मजाने मागितलं म्हणून नव्हे, हे तिने स्वतःशी कबूलही केलं. खरं म्हणजे भाविका तिला हवी होती. तिच्या क्लासच्या मुली दहावीला आल्या की गाणं सोडत. रक्ताची, हाताशी राहणारी, पहाटे उठवता येईल अशी एक मुलगी मिळाली असती तर तिला तेहतीस वर्षांचा काहीतरी अर्थ लागला असता. म्हाताऱ्या अप्पांच्या मागे त्या घरात दोन माणसं राहिली असती. पण तार उतरवली आणि सहा वर्षांच्या पोरीला ती कळली, आणि आपल्याला कळली नाही, तर? पोर वळून बघेल आणि आपण गातच राहू. अप्पा बघतील. ताई बघेल. झाकली मूठ आहे ती झाकलेलीच बरी. म्हणजे पोरीला सोडायचं ते दयेने नाही, भीतीने. असं असलं तरी पोर सुटणार होती, आणि सुटलेल्याला कशाने सुटलो याच्याशी काय करायचंय.

रविवारी नऊला पद्मजा भाविकाला घेऊन आली. परेशला दुकान होतं. अप्पांनी धुतलेला सदरा घातला होता आणि आरामखुर्ची दिवाणाजवळ ओढून घेतली होती; त्यांचा उजवा गुडघा हलत होता, फार दिवसांनी कुठेतरी जायचं असलं की हलायचा तसा. सई आतल्या खोलीत तंबोरा लावत होती. फोन उशीला टेकवून ठेवला होता. काटा बघून पंचम लावला, काटा बघून जोड लावली, काटा बघून खर्ज, आणि काटा प्रत्येक तारेला मधे उभा राहिला तेव्हा तिने फोन पालथा घातला. लाज कालच संपली होती. बाहेर येताना अप्पांनी भुवया वर करून विचारलं, उतरवलास? तिने मान हलवली. ती हो होती की नाही, कुणीही काहीही समजावं अशी.

भाविका सतरंजीवर पोटावर पडून स्टिकरचं पुस्तक चिकटवत होती. माशांचे स्टिकर होते, ती त्यांना आकाशात चिकटवत होती. पद्मजा तिच्यामागे भिंतीला टेकून बसली, शकूने दिलेला चहाचा कप दोन्ही हातांत धरून. सईने तार छेडली आणि डोळे मिटायच्या ऐवजी उघडे ठेवले, कारण तिला पद्मजाचे हात दिसायला हवे होते. भैरवचा सा लावला. खोली भरली. अप्पांनी डोळे मिटले, बोट गुडघ्यावर ठेवलं. रिषभाला जाऊन ती परत आली, पुन्हा गेली, कोमल रिषभावर थोडी थांबली, आणि तिच्या मनात आलं की बरं लागतंय का हे, की मला बरं लागतंय असं वाटतंय. तिने दंडाकडे लक्ष दिलं. दंड आपला दंडासारखा होता. गंधार. मध्यम. पंचमाला जाताना तिने तारेचा पंचम ऐकला आणि तिचा आवाज त्या तारेच्या दारात जाऊन उभा राहिला, आत जावं की न जावं, तिथे आपल्याला ओळखणारं कुणी नसेल तर. तार वाजत राहिली. सई थांबली. किती वेळ, तिला कळलं नाही. आणि भाविकाने हातातला मासा खाली ठेवला, कोपरावर उठली आणि मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं.

पद्मजाचे दोन्ही हात कपावर होते. कुणीही चिमटा काढला नव्हता.

अप्पांचे डोळे उघडलेलेच होते. म्हातारा डोळे मिटल्यासारखं करून पोरीवर नजर ठेवून होता तर. ते खुर्चीतून अर्धे उठले. "बघितलं," ते म्हणाले, "बघितलं तिने. सई, बघितलंस?" त्यांचा आवाज चिरकला. सईची बोटं सवयीने तारा छेडत राहिली. तिने भाविकाला हळूच विचारलं, "काय झालं गं?"

"मावशी, तू श्वासच घेत नव्हतीस," भाविका म्हणाली. घाबरून नाही, सांगावं म्हणून सांगितलं. "मी मोजत होते."

"काय म्हणते?" अप्पांनी कानामागे हात धरला. "काय म्हणते ती? सांग मला."

नुसतं 'पंचम' म्हणायचं होतं. एक शब्द, आणि उद्या पहाटे नाही तर पुढच्या वर्षी पहाटे ही पोर इथे, या सतरंजीवर, तिच्यासमोर मान ताठ करून बसली असती. अप्पा सुखाने गेले असते. आणि जिने तार नव्हे तर माणूस ऐकला त्या मुलीला सईने तार ऐकायला शिकवलं असतं. पद्मजा सईकडे बघत होती, आणि सईला वाटलं की नऊ वर्षांची पद्मजा अशीच बसली असेल, श्वास रोखून, दाजी काय म्हणतात ते बघत.

"भूक लागलीय म्हणते," सई मोठ्याने म्हणाली.

अप्पा परत खुर्चीत बसले, एकदम नाही, हळूहळू, आधी हात, मग पाठ. भाविकाने तोंड उघडलं, कारण तिला भूक लागलेली नव्हती, पण पद्मजाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती पुन्हा माशांकडे वळली. स्वयंपाकघरात शकूने तवा खाली उतरवला. "असो," अप्पा म्हणाले. "नसतो कान काहींना. तुझ्यासारखी एखादीच." मग त्यांनी कपाळाला आठी घालून तंबोऱ्याकडे हात केला. "आता तो पंचम वर घे बाई. केव्हाचा ऐकवत नाहीय मला. बसलो होतो तसाच, परीक्षा म्हणून."

सईला वाटलं की आपण नीट समजलो नाही. ज्या तारेला तिने हात लावला नव्हता, जी सकाळपासून जिथे होती तिथेच होती, ती अप्पांना उतरलेली लागत होती. उतरवायला सांगितली म्हणून उतरलेली. तिने डावा हात वर नेला आणि खुंटीवर ठेवला. लाकूड गार होतं. तिने खुंटी फिरवली नाही. बोटं तशीच ठेवून उजव्या हाताने तार छेडली आणि विचारलं, "आता?"

अप्पांनी डोळे मिटले. मान एकीकडे कलली, बोट वर गेलं, आणि कपाळावरच्या आठ्या एक एक करून सुटत गेल्या. हाच चेहरा बघून ती लहानाची मोठी झाली होती, याच बोटावर तिने निषाद वर घेतले होते, गंधार खाली आणले होते, आयुष्यभर. "हां," ते म्हणाले. "आता लागला. आता गा."

तिने पद्मजाकडे पाहिलं. घरात खरा कान असलेली आता तीच एक होती. शब्दांत विचारायची गरज नव्हती, डोळ्यांनीच विचारता आलं असतं, बरोबर आहे का गं, ताई, एवढंच. पद्मजाने कप खाली ठेवला, भाविकाला दंडाला धरून उठवलं, म्हणाली, "चल, शकूमावशी भाकरी देईल," आणि ती तिला घेऊन आत गेली. स्टिकरचं पुस्तक सतरंजीवर उघडंच राहिलं. अप्पा डोळे मिटून वाट बघत होते.

सईने श्वास घेतला आणि पंचम लावला. कुणी काहीच म्हणालं नाही.